कोळशाची धूळ आणि कामगाराची छाती

आबिड्सच्या बाजारात दिवेलागणीच्या वेळी दुकानांच्या पाट्या उजळतात, पंखे फिरू लागतात आणि माणसांची वर्दळ वाढते. या विजेचा मोठा भाग दगडी कोळसा जाळून तयार होतो, आणि त्यातील बराचसा कोळसा ज्या कंपनीच्या खाणींतून येतो तिचे कार्यालय, म्हणजे सिंगरेणी भवन, आबिड्सपासून थोड्याच अंतरावर रेड हिल्स भागात आहे. परंतु कोळसा आणि शहर यांचे हे नाते शहरवासीयांच्या सहसा ध्यानी येत नाही. खाणीतून निघालेल्या कोळशाचा हिशेब टनांत ठेवला जातो. जो कोळसा बाहेर येतच नाही, तर सूक्ष्म धुळीच्या रूपाने कामगाराच्या छातीत जाऊन बसतो, त्याचा हिशेब मात्र फार उशिरा, क्ष-किरण चित्रावर उमटलेल्या ठिपक्यांच्या रूपाने हाती येतो. या धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा रोग म्हणजे काय, तो कसा जडतो आणि मुख्य म्हणजे तो कसा टाळता येतो, हे खाणीपासून दूर राहणाऱ्यांनीही समजून घेण्याजोगे आहे.

या भागातील कोळशाचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे डॉ. किंग यांना १८७१ साली आजच्या तेलंगणातील येल्लंदूजवळ कोळसा आढळला. १८८६ साली इंग्लंडमध्ये नोंदलेल्या ‘हैदराबाद (डेक्कन) कंपनी’ने तो काढण्याचे हक्क मिळवले. जवळच्या सिंगरेणी गावाचे नाव धारण करणारी सिंगरेणी कॉलियरीज कंपनी १९२० च्या डिसेंबरात स्थापन झाली. १९४५ साली तिचे बहुसंख्य भाग निजाम सरकारने विकत घेतले, आणि पुढे ती राज्य व केंद्र सरकार यांच्या संयुक्त मालकीची झाली. कोत्तगुडेम, रामगुंडम, मंचेरियाल, भूपालपल्ली ही नावे या खाणींमुळेच सर्वतोमुखी झाली. कोळशाला तेथे ‘नल्ल बंगारम’ म्हणजे काळे सोने म्हणतात, आणि तो काढणाऱ्या कामगारांना ‘नल्ल सूर्युलु’ म्हणजे काळे सूर्य असे गौरवाने संबोधितात.

मराठी वाचकाला ही हकीकत परक्या मुलखाची वाटू नये. गोदावरी आणि प्राणहिता यांच्या खोऱ्यातील कोळशाचा हाच पट्टा पुढे वर्धा नदीच्या खोऱ्यात शिरतो. राजुरा, बल्लारपूर, घुग्गुस, माजरी, वणी या गावांच्या परिसरातील खाणी त्याच पट्ट्यात येतात. राजुरा तालुका तर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. आज तो चंद्रपूर जिल्ह्यात आहे. विदर्भातील या खाणी आणि नागपूरजवळच्या कामठी व उमरेड भागांतील खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीचे मुख्यालय नागपुरास आहे. सीमेच्या एका बाजूस तेलुगू बोलणारा कामगार आणि दुसऱ्या बाजूस मराठी बोलणारा, पण दोघांच्या फुप्फुसांत जाणारी धूळ एकच.

ही धूळ समजून घ्यावयाची तर प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. डोळ्यांना दिसते तीच धूळ अपायकारक, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अंधाऱ्या खोलीत कौलांतून कवडसा उतरला की त्यात असंख्य कण नाचताना दिसतात. ते सारे नाकात गेले तरी त्यांतील मोठ्या कणांना नाकातील केस व ओलावा अडवतात. त्यांहून बारीक कण श्वासनलिकेच्या भिंतीला चिकटतात. तेथे श्लेष्म्याचा पातळ थर असतो आणि त्याखालील अतिसूक्ष्म केसल तो थर सतत घशाकडे ढकलीत असतात. खोकल्यावाटे किंवा थुंकीवाटे हे कण बाहेर पडतात. पाळी संपवून वर आलेल्या कामगाराची थुंकी काळी असते ती यामुळेच. ती पाहून तो घाबरतो, पण त्या थुंकीतील धूळ ही शरीराने परतवून लावलेली धूळ होय.

खरा धोका त्याहून बारीक कणांचा. माणसाच्या डोक्याचा केस साधारणपणे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सत्तरपट जाड असतो, आणि अपायकारक कण अशा पाच हजारांशांहूनही लहान असतात. एकटादुकटा असा कण डोळ्यांना दिसत नाही, आणि तो खालीही लवकर बसत नाही. एक हजारांश मिलिमीटर व्यासाचा कोळशाचा कण निश्चल हवेतही तासाला वीतभरापेक्षा कमीच उतरतो. म्हणजे तो नाकाच्या उंचीवर उडाला तर आठ तासांची पाळी संपली तरी जमिनीवर पोचत नाही. जड धूळ खाली बसली आणि बोगदा स्वच्छ दिसू लागला, म्हणजे हवा स्वच्छ झाली असे म्हणूनच समजता येत नाही.

हे कण श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. वायुकोश म्हणजे फुप्फुसाच्या शेवटच्या टोकांशी असलेले कोट्यवधी इवलेसे फुगे. तेथेच प्राणवायू रक्तात मिसळतो. त्या ठिकाणी केसलांची व्यवस्था नसते. तेथील राखणदार म्हणजे भक्षक पेशी. त्या धुळीचा कण गिळतात आणि शक्य तितका वाहून नेतात. परंतु कोळसा पचत नाही. धूळ रोजच येत राहिली म्हणजे या पेशी भरून जातात, काही मरतात आणि त्यांतून दाहक द्रव्ये पाझरतात. त्या जागी, जखमेवर वण धरावा तसे, चिवट तंतू तयार होऊ लागतात. मऊ स्पंजासारखे फुप्फुस जागोजाग निबर होत जाते. यालाच वैद्यकशास्त्रात न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धुळीने भरलेल्या फुप्फुसाचा रोग, असे म्हणतात.

धुळीच्या प्रमाणाची कल्पना एका साध्या हिशेबाने येईल. कष्टाचे काम करणारा माणूस आठ तासांच्या पाळीत सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो असे धरतात. प्रत्येक घनमीटर हवेत अशी सूक्ष्म धूळ दोन मिलिग्रॅम असेल, तर पाळीगणिक वीस मिलिग्रॅम धूळ श्वासावाटे आत जाईल. वर्षाच्या अडीचशे पाळ्यांत ती पाच ग्रॅम होते आणि तीस वर्षांच्या नोकरीत दीडशे ग्रॅम. यांतील बहुतेक भाग शरीर बाहेर टाकते, पण उरलेला थोडासा भागही जन्माचे दुखणे देण्यास पुरेसा असतो. हवेतील धूळ दुप्पट झाली तर हा सारा हिशेबही दुप्पट होतो.

रोगाची चाल संथ असते. बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ धुळीत काम केल्यानंतर क्ष-किरण चित्रावर बारीक ठिपके दिसू लागतात. त्या वेळी कामगाराला काही त्रास जाणवेलच असे नाही. पुढे चढ चढताना दम लागतो, खोकला मुक्कामास येतो, कफ वाढतो. काही जणांत लहान ठिपके एकत्र येऊन मोठ्या गाठी बनतात आणि फुप्फुसाचा बराच भाग निकामी होतो. मग चार पावले चालणेही जड जाते आणि हृदयावर ताण येतो. धुळीचे काम सोडल्यानंतरही ही शेवटची अवस्था पुढे सरकत राहू शकते. तयार झालेले तंतू विरघळवून फुप्फुस पूर्ववत करणारे औषध आजही उपलब्ध नाही. दम कमी करणे, संसर्ग आवरणे, प्राणवायू देणे एवढेच वैद्याच्या हाती उरते. म्हणूनच या रोगाच्या बाबतीत प्रतिबंधाला जे महत्त्व आहे ते उपचाराला नाही.

या रोगाची जाणीव माणसाला फार पूर्वीपासून होती. जर्मन विद्वान अ‍ॅग्रिकोला यांच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कार्पेथियन डोंगरातील खाणींविषयी लिहिले आहे, की तेथे सात नवरे केलेल्या स्त्रिया आढळतात, कारण एकेका नवऱ्याला खाणीची धूळ घेऊन जाते. १८३१ साली एडिंबरोच्या डॉ. ग्रेगरी यांनी कोळशाच्या खाणीत काम केलेल्या माणसाच्या काळ्या पडलेल्या फुप्फुसाचे वर्णन केले. तरीही केवळ कोळशाची धूळ अपायकारक नाही, अपाय होतो तो खडकातील सिलिकेच्या म्हणजे गारेच्या धुळीने, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते.

हे मत खोटे ठरवण्यास बंदरावरचे मजूर उपयोगी पडले. वेल्समधील कार्डिफ बंदरात जहाजाच्या पोटात उतरून तेथे ओतलेला कोळसा सारखा पसरवणारे कामगार असत. त्यांनी खडक कधी फोडला नव्हता. त्यांचा संबंध कोळशाशीच, तोही धुतलेल्या व खडकापासून वेगळ्या काढलेल्या कोळशाशी. अशा कामगारांच्या फुप्फुसांतही खाणकामगारांसारखाच रोग डॉ. गॉफ यांना आढळला आणि तो त्यांनी १९४० साली प्रसिद्ध केला. हार्ट आणि अ‍ॅस्लेट यांनी वेल्समधील खाणींची पाहणी करून तोच निष्कर्ष दृढ केला. त्यानंतर १९४३ साली ब्रिटनमध्ये कोळशाच्या धुळीने होणाऱ्या रोगाला नुकसानभरपाईच्या दृष्टीने स्वतंत्र मान्यता मिळाली. सिलिकेची धूळ अधिक घातक असते हे मात्र खरेच. छताच्या खडकात भोके पाडून पोलादी बोल्ट बसवणारे किंवा खडकातून बोगदा खणणारे कामगार कोळशाच्या थरात काम करणाऱ्यांपेक्षाही जास्त धोक्यात असतात. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींतून सिलिकोसिसची जी नोंद १९४७ साली झाली ती आपल्या देशातील या रोगाची पहिली महत्त्वाची नोंद मानली जाते.

आपल्या देशात या रोगाचे निदान होण्यात एक मोठी अडचण आहे आणि ती म्हणजे क्षयरोग. खोकला, दम, वजन घटणे, छातीच्या चित्रावरील डाग ही लक्षणे दोन्हीकडे दिसतात. क्षयाचे प्रमाण आपल्याकडे मोठे असल्यामुळे डॉक्टरांच्या मनात प्रथम तोच येतो. शिवाय सिलिकेच्या धुळीने दुबळ्या झालेल्या फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज शिरकाव करतात, त्यामुळे एकाच माणसाला दोन्ही रोग असण्याचीही शक्यता असते. त्यातून दोन्ही बाजूंनी चूक घडू शकते. क्षय नसताना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जातात, किंवा क्षय असूनही तो धुळीचा खोकला म्हणून अंगावर काढला जातो. थुंकीची तपासणी आणि जाणकाराने वाचलेले क्ष-किरण चित्र ही दोन्ही म्हणूनच आवश्यक होत. अशी चित्रे वाचण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९३० सालच्या जोहान्सबर्ग परिषदेपासून विकसित होत आली आहे. तिच्यात ठिपक्यांच्या दाटीनुसार शून्यापासून तीनपर्यंत श्रेणी असतात.

परंतु कोणत्याही चित्रापूर्वी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा विचारण्याचा पाठ वैद्यांना घालून दिला. सिंगरेणीतून किंवा घुग्गुसहून निवृत्त झालेला कामगार मुलाकडे हैदराबादला, नागपूरला किंवा आपल्या मूळ गावी राहावयास जातो. खाण सोडून पाच-सात वर्षे झालेली असतात. दम लागतो म्हणून तो जवळच्या दवाखान्यात जातो. तेथे त्याचे वय विचारतात, विडी ओढता काय हेही विचारतात, पण पूर्वी काय काम केले हे विचारलेच जाईल असे नाही. विडीने दम वाढतो हे निर्विवाद आहे. मात्र कोळशाच्या धुळीने विडी न ओढणाऱ्यालाही जुनाट कफ आणि दम जडतो, हेही तितकेच सिद्ध आहे. सारा दोष विडीवर टाकला की खाणीची बाजू झाकली जाते. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी घरच्या मंडळींनी सांगावे, की यांनी इतकी वर्षे कोळशाच्या खाणीत, अमुक कामावर काढली आहेत. नोकरीची कागदपत्रे, जुन्या तपासण्यांचे अहवाल आणि क्ष-किरण चित्रे निवृत्तीनंतरही जपून ठेवावीत. रोग नोकरीनंतर प्रकट झाला तर तो नोकरीतलाच आहे हे दाखविण्यास त्यांचाच आधार मिळतो.

आता प्रतिबंधाचा विचार. त्याचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल: धूळ जेथे जन्मते तेथेच तिला अडवावी, नाकाशी आल्यावर नव्हे.

पहिला उपाय पाणी. कोळशाच्या थरात भोके पाडून त्यांतून आधीच पाणी मुरवता येते. मग तो फोडताना धूळ कमी उडते. कापणी-यंत्राच्या दातांशी फवारे बसवतात, भोके पाडताना छिद्रातून पाणी सोडतात, पट्ट्यावरून कोळसा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पडतो तेथेही तुषार मारतात. उडालेली धूळ पकडण्यापेक्षा न उडालेली धूळ ओली ठेवणे सोपे असते. पाण्याचा आणखी एक लाभ असा, की कोळशाची कोरडी धूळ स्फोटकही असते आणि ओलाव्याने तो धोकाही घटतो.

दुसरा उपाय वारा. मोठ्या पंख्यांनी खाणीत स्वच्छ हवा खेळवली पाहिजे, आणि तिचा प्रवाह असा राखला पाहिजे की धूळ कामगारापासून दूर वाहून जाईल. कामगाराने वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे, एवढ्या साध्या शिस्तीनेही पुष्कळ फरक पडतो. कोळशाच्या लांबच लांब भिंतीवरून यंत्र फिरवून तो कापण्याच्या ‘लाँगवॉल’ पद्धतीत उत्पादन मोठे असते, तशीच धूळही मोठी. तेथे पाणी आणि वारा यांची व्यवस्था जितकी चोख तितके बरे.

तिसरा उपाय झाकण. कोळसा भरडण्याची व चाळण्याची यंत्रे आणि वाहक पट्टे बंदिस्त असावेत, आणि धूळ शोषून घेणारी यंत्रे त्यांना जोडलेली असावीत. आज सिंगरेणीचे बहुतांश उत्पादन उघड्या खाणींतून होते. तेथे डोक्यावर आकाश असले तरी धोका नाहीसा होत नाही. अवजड डंपर ज्या रस्त्यांवरून धावतात ते रस्ते टँकरने सतत ओले ठेवावे लागतात. सुरुंगासाठी भोके पाडणाऱ्या यंत्राजवळ खडकाची धूळ असते. म्हणून चालकाची खोली बंद आणि गाळलेल्या हवेची असावयास हवी.

चौथा उपाय मोजमाप. डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूचे बळ तराजूनेच कळते. कामगाराच्या छातीजवळ लहानसा पंप व गाळणी लावून पाळीभराची धूळ गोळा करतात आणि ती वजन करून तपासतात. हे मोजमाप पाहणीच्या दिवसापुरते, फवारे खास चालू करून केलेले असेल तर ते निरुपयोगी होय. आकडा कामगारांना समजेल अशा भाषेत, म्हणजे तेलुगूत किंवा मराठीत, फलकावर लागला पाहिजे.

मुखवट्याचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा आणि सूक्ष्म कण अडवणारा मुखवटा उपयोगी आहे यात शंका नाही. पण उष्ण, दमट बोगद्यात अवजड काम करताना तो आठ तास तोंडावर ठेवणे कठीण जाते. दाढी वाढली की फट राहते आणि गाळणी भरली की श्वास कोंडतो. तोंडाला गुंडाळलेला पंचा किंवा रुमाल तर जाड धूळच अडवतो आणि बारीक धूळ बिनदिक्कत आत जाते. गूळ खाल्ल्याने छातीतील धूळ उतरते, असाही एक समज कामगारवर्गात पसरलेला आहे. गुळाने घशाला बरे वाटते, परंतु अन्नाची वाट निराळी आणि श्वासाची निराळी. संरक्षणाचे साधन म्हणून त्याच्यावर विसंबता येणार नाही.

नियम केला म्हणजे काम संपले असे नाही, याचा धडा अमेरिकेने दिला आहे. १९६९ च्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियातील हजारो खाणकामगारांनी या रोगाच्या भरपाईसाठी संप केला. त्याच वर्षी तेथे खाणसुरक्षेचा व्यापक कायदा झाला आणि १९७२ च्या अखेरीस सूक्ष्म धुळीची मर्यादा घनमीटरला दोन मिलिग्रॅमवर आणली गेली. तीस वर्षांत रोगाचे प्रमाण झपाट्याने घसरले आणि हा रोग आता इतिहासजमा होणार असे वाटू लागले. परंतु पुढे कोळशाचे जाड थर संपले, पातळ थरांबरोबर खडकही कापावा लागू लागला, सिलिकेची धूळ वाढली. व्हर्जिनियातील अवघ्या तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात रोगाच्या शेवटच्या अवस्थेतील ४१६ रुग्ण आढळल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. यंत्र बदलले, थर बदलला, तर धूळही बदलते. म्हणून तिच्यावरील पहारा उठवता येत नाही.

आपल्या देशातही कायद्याची चौकट जुनी आहे. १९५२ च्या खाण कायद्याने असे ठरविले, की अधिसूचित व्यावसायिक रोग आढळल्यास खाणीच्या व्यवस्थापकाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरानेही त्याची खबर अधिकाऱ्यांना द्यावी. नोकरी लागताना व पुढे ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी करण्याचा दंडक नियमांनी घालून दिला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत पुढे धुळीच्या रोगांचा समावेश झाला. १९५७ च्या कोळसा खाण नियमांची जागा २०१७ साली नव्या नियमावलीने घेतली. देखरेखीसाठी धनबाद येथे खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. खाणकामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी १९९० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेचे काम नागपुरातून चालत असे. २०१९ साली ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्यात आली.

या चौकटीचा लाभ ज्यांच्यापर्यंत पोचणे सर्वांत अवघड, ते म्हणजे कंत्राटी कामगार. कंपनीच्या कायम कामगाराची नोंद असते, त्याचा दवाखाना ठरलेला असतो. माती उपसणारा, डंपर हाकणारा, पट्ट्याखालची कोळशाची भुकटी झाडणारा कंत्राटी मजूर आज या खाणीवर तर उद्या दुसऱ्या कामावर असतो. त्याच्या छातीचे पहिले चित्र एका ठिकाणी आणि पुढचे दुसऱ्या ठिकाणी निघते, कधी निघतही नाही. दहा-पंधरा वर्षांनी प्रकट होणारा रोग अशा विस्कळित नोंदींत हरवून जातो. धूळ कायम आणि कंत्राटी असा भेद करीत नाही. म्हणून तपासणीची नोंद कंत्राटदाराच्या वहीत न राहता कामगाराबरोबर जावयास हवी, आणि तिची एक प्रत त्याच्या हाती असावयास हवी.

धुळीचा रोग म्हणजे खाणकामगाराच्या कपाळी लिहिलेला भोग नव्हे. अपघात एका क्षणात घडतो आणि पुष्कळदा अचानक घडतो. हा रोग मात्र वर्षानुवर्षे, पाळीपाळीने, सर्वांच्या देखत तयार होत असतो, आणि त्याला थांबविण्याची संधीही दर पाळीला मिळत असते. फवाऱ्याची तोटी तुंबली असेल तर ती त्याच दिवशी साफ झाली पाहिजे. पंखा मंदावला असेल तर कामगाराने तसे सांगावे, आणि सांगितल्याबद्दल त्याला कोणी दटावू नये. तपासणीचा दिवस चुकवू नये. छातीत गेलेली धूळ परत काढता येत नाही, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध करावयाचे सारे काही ती हवेत उडण्यापूर्वी करावे लागते.